मागची उंची कमी-जास्त करायची? आधी टेप काढा, पाना नंतर

प्रश्न परळीच्या एका भावाचा आहे. २०१९ ची रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ बाईक, स्वतःचं वजन ५८ किलो, उंची ५ फूट ४ इंच, सिग्नलला आणि ऊसाच्या ट्रॉल्यांच्या गर्दीत पाय नीट टेकत नाहीत म्हणून मागची बाजू खाली करायची आहे. कुणी म्हणायलेत प्रीलोड (म्हणजे रिंग आवळून स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) पूर्ण सैल कर, कुणी म्हणायलेत लोअरिंग लिंक (मागची बाजू खाली आणणारी वेगळ्या मापाची जोडपट्टी) टाक, कुणी सीट काप म्हणतंय. सोबत त्यांच्या दोस्ताचाही प्रश्न आहे, तो बरोबर उलटा. त्याची पल्सर १५० डबलसीट गेली की मागनं बसते, खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो, त्याला गाडी मागनं उंच करायची आहे आणि दुकानदार शॉकअप लांब करायचा एक्स्टेंडर दाखवायलाय.

भाऊ, मी आधी वाळूजला शॉकअपच्या कारखान्यात सहा वर्षं काढली आणि नंतरची सोळा वर्षं बीडला स्वतःचं गॅरेज चालवतोय. या सगळ्या काळात उंचीची तक्रार घेऊन आलेल्या निम्म्याहून जास्त गाड्यांत उंचीचा दोषच नव्हता, दोष होता वजनाखाली स्प्रिंग चुकीच्या उंचीवर थांबण्याचा. हे ज्या आकड्यानं कळतं त्याला आपल्या धंद्यात सॅग म्हणतात, म्हणजे गाडी स्वतःच्या वजनानं आणि तुमच्या वजनानं किती दबते ते. हे मोजल्याशिवाय कुणी पाना लावत असेल तर त्याला थांबवा, मग तो कितीही नावाजलेला मिस्त्री असू द्या.

मोजायचं कसं ते सांगतो. फार सोपं आहे पण तीन माणसं लागतात. मागच्या एक्सेलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) बरोबर वर, ग्रॅब रेलवर किंवा टेलच्या कडेवर, चिकटपट्टीचा एक तुकडा लावा आणि त्यावर पेननं रेघ मारा. आता एक्सेलच्या मध्यापासून त्या रेघेपर्यंत टेप धरायचा, कायम तोच सरळ वरचा कोन, टेप तिरका झाला की आकडा खोटा. पहिला आकडा चाक पूर्ण लटकलेलं असताना, डबल स्टँडवर घेतलं आणि चाक अधांतरी फिरायला लागलं की झालं, नाहीतर दोघांनी मागनं उचलून धरायची. दुसरा आकडा गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी, कुणी बसलेलं नाही, पुढनं एकानं हँडल धरलंय. तिसरा आकडा तुम्ही हेल्मेट-बूट-जाकीट घालून, रोज जसे बसता तसे, दोन्ही पाय फूटरेस्टवर. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेला एकदा सीट हातानं दाबून सावकाश वर येऊ द्या आणि मोजा, मग मागनं थोडी उचलून सावकाश खाली बसू द्या आणि परत मोजा. दोन्हींत चार-पाच मिमीचा फरक येणारच, त्याची सरासरी घ्या. फरक दहा-बारा मिमीचा आला तर समजा कुठंतरी काहीतरी जाम आहे, आणि तिथं मोजमाप थांबवून आधी ते शोधा.

हे जामचं आपल्याकडं लई जास्त आहे म्हणून जरा थांबून सांगतो. हिमालयनसारख्या लिंकवाल्या मोनोशॉकला (मागं एकच शॉकअप असतो त्या गाडीला) चिमटा (म्हणजे चाक धरणारा स्विंगआर्म) आणि शॉकअपच्या मध्ये लिंकेज, म्हणजे जोडपट्ट्यांचा सांधा असतो, त्यात बारीक सुईबेअरिंग असतात आणि ते सगळं मागच्या चाकाच्या पुढं, इंजिनच्या मागं खालच्या बाजूला, बरोबर चिखल उडतो तिथं. आपली काळी माती पावसाळ्यात तिथं जाऊन बसते आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळली की सिमेंटसारखी धरते. परवा माजलगाव साईडची एक गाडी आली होती. शॉकअप बदलून द्या, हार्ड झालाय असं म्हणत आले. लिंकचा बोल्ट काढायला मला अर्धा तास लागला, बुश बाहेर काढला तर आतल्या सुया गंजून लालभडक, बोटानं फिरवल्या तर करकर वाजायच्या, आणि जिथं ग्रीस असायला पाहिजे तिथं काळ्या मातीची पेस्ट. बेअरिंग बदलले, ग्रीस भरलं, शॉकअपला हातसुद्धा लावला नाही, गाडी मऊ झाली आणि सॅगही बदलला. म्हणून पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दसरा-दिवाळीच्या दरम्यान एकदा लिंक खोलून ग्रीस करत जा. प्रेशरनं गाडी धुणारे पोरं पाइपची धार नेमकी तिथंच मारतात, त्यांना तेवढं मना करा.

आता आकड्यांचं. मागच्या महिन्यात तुमच्यासारखाच एक ६० किलोचा पोरगा हिमालयन घेऊन आला होता, त्याचेच आकडे घेऊ. चाक लटकलेलं असताना ६१२ मिमी, नुस्ती गाडी ५९४, तो बसल्यावर ५७१. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनानं १८ मिमी दबली आणि त्याच्यासकट ४१ मिमी. हिमालयन ४११ च्या मागच्या चाकाचा एकूण प्रवास (वर-खाली हलायची जागा) १८० मिमी आहे, आणि माणूस बसल्यावर त्याच्या साधारण तीस टक्के दबायला पाहिजे, म्हणजे ५४ च्या आसपास. याची ४१ वरच थांबली होती, म्हणजे गाडी त्याच्यासाठी १३ मिमी उंच उभी होती, आणि त्या १३ मिमीवर त्याचा हक्क होता, कुठलाही पार्ट न बदलता. हलक्या माणसांच्या बाबतीत हे नेहमीचं आहे, स्प्रिंग सरासरी माणसाचं वजन धरून बसवलेली असते. तुमचंही बहुतेक असंच निघणार.

इथं प्रीलोडबद्दल एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो प्रत्येक टपरीवर ऐकायला मिळतो. प्रीलोड आवळला म्हणजे स्प्रिंग कडक झाली असं नसतं. स्प्रिंगची ताकद तिच्या तारेच्या जाडीत, वेढ्यांत आणि व्यासात असते, रिंग फिरवून त्यातलं काहीच बदलत नाही. रिंग फिरवल्यानं एवढंच होतं की तेवढ्याच वजनाखाली गाडी कुठल्या उंचीवर थांबते ते बदलतं. आणि मोनोशॉकला चाक आणि शॉकअप यांच्यात तरफ असते, शॉकअप एक मिमी हलला की चाक दोन ते तीन मिमी हलतं, त्यामुळं रिंग एक मिमी सैल केली की गाडी मागनं दोन-तीन मिमी खाली येते. त्या पोराच्या गाडीचं गुणोत्तर अडीच धरलं तर १३ मिमीसाठी रिंग पाच मिमीच सैल करायची होती. तुमच्या गाडीचं नेमकं गुणोत्तर काढायचं असेल तर रिंग थोडी फिरवून परत टेप लावा, दोन मिनिटांत कळतं.

रिंग दोन प्रकारच्या येतात. एक पायऱ्यांची, तिला सी-स्पॅनर लावून एकेक खाच सरकवायची. दुसरी आट्यांची, तिच्यावर लॉकरिंग असते, आधी वरची लॉक सैल करायची, मग खालची फिरवायची, मग लॉक परत आवळायची. आट्यांच्या रिंगला हात लावायच्या आधी ब्रश आणि डिझेलनं आटे स्वच्छ करा, नाहीतर अडकलेला खडा ॲल्युमिनियमचे आटे खाऊन टाकतो आणि मग ती रिंग जन्मात हलत नाही. चाक लटकलेलं ठेवूनच फिरवा, म्हणजे स्प्रिंगवर कमीत कमी ताण असतो. आणि छन्नी-हातोडी लावू नका. मला माहिती आहे सगळीकडं छन्नीच चालते, पण खाच एकदा तुटली की पुढच्या वेळी पाना धरत नाही, आणि सी-स्पॅनर काही महाग चीज नाही.

प्रीलोड पूर्ण सैल करायला मात्र मी नाही म्हणतो. हे कुणी सांगितलं असेल तर त्यानं तुम्हाला उंचीच तेवढी सांगितली, पुढचा खड्डा सांगितला नाही. १८० मधले तुम्ही ९० बसल्या बसल्याच खर्च केले तर खड्ड्यासाठी उरलं काय, शॉकअप आतल्या रबरी ठोकळ्यावर जाऊन आपटणार आणि तो झटका सरळ तुमच्या मणक्यात. ५४-५५ पर्यंत या, फार तर ६०, त्याच्या पुढं नाही. आणि ५४ वर आणल्यावर नुस्त्या गाडीचा आकडा परत बघा, त्या पोराचा तो ३१ झाला होता. तो जरा जास्तच आहे, साधारण १५ ते २५ बरा. माणसासकट बरोबर आणि नुस्त्या गाडीला जास्त, याचा अर्थ स्प्रिंग त्या माणसाच्या वजनाला कडक आहे, मऊ स्प्रिंग टाकली तर दोन्ही आकडे जागेवर येतात. उलट माणसासकट बरोबर पण नुस्ती गाडी जराही दबत नाही, तर स्प्रिंग मऊ आहे आणि तुम्ही ती उगाच आवळून ठेवलीय. ३१ वर काही लगेच बिघडत नाही, मी त्याला तसंच चालवायला दिलंय.

आता सीट. तुमच्या केसमध्ये १३ मिमी प्रीलोडमधून आले तर पुढचे २० मिमी सीटमधनं काढा. सीटवाल्याला सांगताना फोम वरनं कापा एवढंच सांगू नका, पुढच्या बाजूला, मांड्या जिथं येतात तिथं दोन्ही कडा आत घ्या म्हणा. पाय टेकणं सीटच्या उंचीवर जेवढं असतं तेवढंच तिच्या रुंदीवर असतं, ८०० मिमीची अरुंद सीट ७८० च्या रुंद सीटपेक्षा सोपी जाते. दोन्ही मिळून सव्वा इंचाच्या वर झालं. त्यात जाड तळव्याचा बूट घातला की अजून दहा मिमी. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं, आणि यातलं सगळं परत पहिल्यासारखं करता येतं. थांबताना डावा पाय खाली आणि उजवा मागच्या ब्रेकवर, ही सवय लावली की दोन्ही पाय टेकायची गरजच कमी होते.

एवढं करूनही भागलं नाही तरच लोअरिंग लिंक. लिंक वाईट नाही, पण ती एकटी काम करत नाही. लिंकनं चाकाचा प्रवास कमी होत नाही, सगळा प्रवास वर सरकतो. म्हणजे गाडी २५ मिमी खाली आली तर पूर्ण दबल्यावर चाकही साधारण तेवढंच आणखी वर जाणार, मडगार्डच्या आत, वायरिंगच्या दिशेनं. म्हणून लिंक बसवल्यावर माझ्याकडं एक काम हमखास होतं, शॉकअपचा खालचा बोल्ट काढून चाक जॅकनं पूर्ण वर नेऊन बघतो, टायर कुठं टेकतो का. सोबत तरफेचं गणित बदलतं आणि बहुतेक लिंकांनी मागची बाजू मऊ होते, तिथं परत सॅग मोजावा लागतो. बोल्ट टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरावर आवळायचा पाना), मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यालाच आवळायचा, हाताच्या अंदाजानं नाही. लिंक आखीव मापाची, नीट मशिनिंग केलेलीच घ्या, पट्टीला भोक पाडून बनवलेली कुणी फुकट दिली तरी लावू नका.

आणि मागची बाजू हलली की पुढचं बदलतं, हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. स्टेअरिंगच्या दांड्याची रेषा खाली जमिनीला जिथं लागते आणि टायर जिथं टेकतो त्यातल्या अंतराला ट्रेल म्हणतात, गाडी सरळ धरून ठेवायचं काम तो ट्रेल करतो. आपल्या गाड्यांच्या व्हीलबेसला (दोन चाकांमधल्या अंतराला) मागनं २५ मिमी म्हणजे फोर्कचा (पुढच्या शॉकअपच्या दोन पाइपांचा) कोन जवळपास एक डिग्रीनं बदलतो आणि ट्रेल सहा-सात मिमीनं. ऐकायला काहीच नाही वाटत. पण मागनं खाली केलेली गाडी घेऊन मांजरसुंब्याच्या घाटातून उतरा, वळणात हँडल जड लागतं, गाडी आत यायच्याऐवजी बाहेर बाहेर जाते, पुढचं चाक हलकं वाटतं. मागनं उंच केलेली गाडी उलटी वागते, पटकन वळते, छान वाटतं, आणि मग मोकळ्या हायवेवर ९० च्या पुढं ट्रकचा वारा लागला की हँडल थरथरतं. म्हणून जेवढं मागं तेवढंच पुढं. मागनं खाली केली असेल तर फोर्कचे पाइप टी (ते दोन्ही पाइप धरणारा तुकडा) मधनं वर सरकवायचे, एका वेळी पाच-पाच मिमी, दोन्ही बाजू व्हर्नियरनं तंतोतंत सारख्या. फोर्क तिरका असतो, म्हणून पाइप २५ मिमी सरकवला तरी गाडी पुढनं २२-२३ च खाली येते, तेवढा फरक चालतो. सरकवल्यावर फोर्क पूर्ण दाबून बघा की मडगार्ड खालच्या टीला लागत नाही आणि पाइपची वरची टोकं हँडलला किंवा केबलला अडत नाहीत.

साईड स्टँडचं विसरू नका. गाडी खाली आली की स्टँड तिला लांब पडतो, गाडी जवळपास सरळ उभी राहते आणि वाऱ्यानं किंवा कुणाच्या धक्क्यानं उजव्या बाजूला जाते. वावराच्या बांधावर लावताना हे उलटं होतं, काळ्या रानात स्टँड रुतून गाडी डावीकडं झुकत जाते, म्हणून स्टँडच्या पायाला खाली रुंद पत्रा वेल्ड करून घ्या, आपल्याकडं तो प्रत्येकच गाडीला पाहिजे. डबल स्टँडवर घ्यायलाही खाली केलेली गाडी जड जाते.

चेनही परत बघायची. पुढचं स्पॉकेट, चिमटा जिथं फिरतो तो पिव्होट आणि मागचा एक्सेल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते. उंची बदलली की रिकाम्या गाडीचा ताण आणि बसल्यावरचा ताण यांचा संबंध बदलतो. दोन माणसांना बसवा, तिन्ही बिंदू एका रेषेत येईपर्यंत गाडी दाबा, आणि त्या जागी चेनला थोडा तरी झोल आहे ना ते बोटानं बघा. तिथं कडक असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगचं आयुष्य संपलंच समजा.

काही महागड्या शॉकअपला खालच्या डोळ्यावर (बोल्ट जातो त्या कड्यावर) आटे असतात, त्यानं शॉकअपची लांबीच कमी-जास्त होते आणि प्रीलोड जिथल्या तिथं राहतो. खरी उंची बदलायची पद्धत ती आहे, कारण सॅग एकीकडं, उंची एकीकडं, दोन्ही वेगवेगळं लावता येतं. पण तिथंही किती आटे बाहेर काढायचे याची खूण असते, तिच्या पुढं गेलं की डोळा धरायला आटेच उरत नाहीत.

आता दोस्ताची पल्सर. एक्स्टेंडर लावू नका. हे मी हात जोडून सांगतोय. शॉकअपच्या खालच्या डोळ्याला जोडायचा तो लोखंडी तुकडा, एक-दीड इंच उंची देतो, दोन-चारशे रुपयांत मिळतो. केज साईडचे एक दूधवाले काका, स्प्लेंडरला दोन्ही बाजूंनी एक्स्टेंडर, मागं चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन. चढावर गाडी हळू होती म्हणून वाचले, डाव्या बाजूचा तुकडा वेल्डिंगपाशी तुटला आणि सगळं वजन एकट्या उजव्या शॉकअपवर आलं, चिमटा पिळला, चाक तिरकं होऊन चेन उतरली. मी तो तुटलेला तुकडा अजून गॅरेजच्या खिळ्याला टांगून ठेवलाय. तुटलेल्या जागेचा अर्ध्याहून जास्त भाग गंजलेला होता, म्हणजे भेग कितीतरी दिवस आधीपासून होती आणि रंगाखाली कुणाला दिसली नाही. शॉकअपचा बोल्ट जेवढ्या अंतरावर वजन घ्यायला बनवलाय, त्याच्या दीड इंच पुढं तुम्ही वजन लटकवलं की त्याच्यावर पिळवटणारा जोर येतो, आणि तो जोर कंपनीनं कधी धरलेलाच नसतो.

त्या पल्सरला आधी टायरची हवा बघा, डबलसीटचा आकडा वेगळा असतो आणि लोक वर्षानुवर्षं एकट्याच्याच हवेवर दोघं-तिघं बसायलेत. मग शॉकअपच्या रिंगा बघा, पाच पायऱ्या असतात आणि माझा अनुभव आहे की आलेली गाडी शोरूममधनं निघाली त्याच पायरीवर असते. दोघांसाठी तिसरी-चौथी लावा, दोन्ही बाजूंना एकच, डावी तिसरी आणि उजवी चौथी असं झालं तर चिमटा सतत पिळत राहतो. कारखान्यात आम्ही जोडीतल्या दोन्ही शॉकअपची लांबी गेजवर घातल्याशिवाय पुढं जाऊ देत नव्हतो, ते उगाच नव्हतं. मग मागनं जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा हेलकावली तर आतलं तेल-गॅस गेलं, दांड्यावर तेलाची ओल दिसेल. तशा शॉकअपला उंचीचा इलाज नाही, जोडी बदलायची, एक नाही, दोन्ही, आणि डोळ्यापासून डोळ्यापर्यंत लांबी मूळचीच घ्यायची.

काम काहीही केलं तरी पहिले वीस किलोमीटर सावकाश चालवून सगळे बोल्ट परत टॉर्कला बघा, आणि संध्याकाळी भिंतीसमोर उभी करून हेडलाईटचा झोत बघा, मागनं खाली आलेली गाडी समोरच्याच्या डोळ्यात उजेड मारते. आणि ते तीन आकडे, आधीचे आणि नंतरचे, रिंग किती आटे किंवा कितव्या पायरीवर आहे त्यासकट, सीटच्या खालच्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा. उद्या घरच्यांना मागं बसवून तुळजापूरला निघालात तर रिंग वर करावी लागेल, आणि परत आल्यावर ती कुठं आणायची ते तिथं लिहिलेलं असेल.